पहिली पाळी आणि डावा कोपरा

पहाटे ४.३०

उजवा गुडघा माझ्या आधी जागा होतो. जानेवारीच्या थंडीत तो आखडतो, म्हणून उठण्याआधी अंथरुणातच टाच ओढून घ्यायची, मांडी घट्ट करायची, सोडायची. दहा मिनिटांत तो चालण्याजोगा होतो. कबड्डीत मी डावा कोपरा सांभाळायचो. चढाईवाल्याचा चवडा धरायला झेप घेतली की अंगाचा सगळा भार याच गुडघ्यावर यायचा.

आमचं घर पालघरहून माहीमला जाणाऱ्या रस्त्याला आहे. बायको तांदळाच्या भाकऱ्या थापत असते. डब्यात भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाची भाजी. "अहो, आज मैदानावरून उशीर होणार ना?" तिला माहीत असतं, तरी ती विचारते. मी सांगतो की आज तो पोरगा यायचाय. ती म्हणते, "मग जेवायलाच घेऊन या त्याला. एकटा कुठं परत पाठवता?"

पहाटे ५.४५, पालघर स्टेशन

या वेळेला पालघर स्टेशनावर दोन गर्दी असतात. मोठी गर्दी मुंबईकडची. त्यात दूधवाले, कॉलेजची पोरं, मंत्रालयापर्यंत जाणारे कारकून असतात. डहाणूच्या बाजूला उभी असते ती आमची, बोईसरच्या कारखान्यांची. २०१३ मध्ये चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून ही गर्दीही वाढली आहे. डब्यात बसलं की कोणी डुलकी काढतो, कोणी ओव्हरटाइमचा हिशोब करतो. मधे उमरोळी, मग बोईसर.

मुंबईच्या बाजूला एखादा शाळकरी मुलगा क्रिकेटची बॅग घेऊन उभा दिसला की मला शार्दूल ठाकूर आठवतो. माहीमचाच तो. बोरिवलीच्या शाळेत, दिनेश लाड यांच्या हाताखाली शिकला, आणि मुंबईत क्रिकेट खेळायला याच स्टेशनावरून ये-जा करायचा. आमच्या तालुक्यातल्या पोरांना त्याने एक गोष्ट पटवून दिली की गाडीचा प्रवास कितीही लांबचा असला तरी त्याच्या पलीकडे मैदान आहे.

काल रात्री आलेला निरोप मी पुन्हा वाचतो. 'दादा, उद्या मैदानावर येऊ का?' हा पोरगा आमच्याच मैदानावर घडलेला. वडील सातपाटीला बोटीवर खलाशी आहेत. माझ्यासारखाच डावा कोपरा, पण माझ्यापेक्षा हातात जोर जास्त. एका व्यावसायिक संघाने त्याला हंगामासाठी घेतलं होतं. गावाने फटाके वाजवले, नाक्यावर बॅनर लागला. हंगाम बहुतेक बाकावर गेला, शेवटच्या सामन्यांत थोडा वेळ मॅटवर उतरायला मिळालं. पुढच्या लिलावात नाव पुकारलं गेलं आणि कोणीच बोली लावली नाही. त्यानंतर तो घराबाहेर फारसा दिसलाच नाही. मैदानावर येऊ का, असं त्याने विचारावं, हेच मला लागलं. या मैदानाची माती त्याने माझ्याबरोबर खणली आहे.

मी उत्तर पाठवलं होतं, 'साडेसहाला ये.' काय बोलायचं, ते दिवसभरात ठरवायचं होतं.

सकाळी ७.००

बोईसर स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा, तिथून औद्योगिक वसाहत. पंचिंग, सेफ्टी शूज, हेल्मेट. पाळी सुरू होण्यापूर्वी सुपरवायझर सगळ्यांना उभं करून कामं वाटतो, कुठे काय धोका आहे ते सांगतो. रसायनांच्या कारखान्यात ही पाच मिनिटं कोणी टाळू नयेत. तारापूरने स्फोट पाहिले आहेत, आगी पाहिल्या आहेत, आणि त्यात गेलेली माणसं इथल्याच गावांतली आणि चाळींतली होती.

मी मेंटेनन्सला फिटर आहे. माझ्याकडे पंप. हा आठवडा पहिली पाळी, सात ते तीन. पुढच्या सोमवारपासून दुसरी, तीन ते अकरा. दुसरी पाळी लागली की आमचं मैदान अडचणीत येतं. मी नसलो की मोठी पोरं आपापसात सामने खेळतात, लहान पोरं कडेला बसून राहतात, आणि दोन दिवसांनी तीही यायची थांबतात. दर तीन आठवड्यांनी पुन्हा घरोघर जाऊन त्यांना गोळा करावं लागतं.

सकाळी ९.१५

एका पंपाचं सील गळतंय. आधी परमिट घ्यायचं, मग विजेची जोडणी तोडून कुलूप लावायचं, लाइन रिकामी करायची, आणि त्यानंतरच पान्याला हात लावायचा. नवा ट्रेनी घाई करतो. मी त्याला कुलपाची चावी स्वतःच्या खिशात ठेवायला लावतो.

सील बदलून झालं की मोटर आणि पंप एका रेषेत आणायचे. डायल गेज लावून शाफ्ट हळूहळू फिरवायचा, काट्याकडे बघायचं, पायाखाली पातळ पत्री घालायची, पुन्हा फिरवायचं. केसाएवढा फरक राहिला तरी नवं सील महिन्याभरात जातं. कबड्डीतली साखळी अशीच जुळवावी लागते. कोपरा आणि त्याच्या शेजारचा एकाच क्षणी पुढे गेले तर चढाईवाला अडकतो. एक जण अर्धं पाऊल आधी निघाला तर दोघंही बाद. हे डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं, आणि हाताला कळायला वर्षं लागतात. त्या पोराकडे ही वर्षं जमा आहेत. ती वाया जाऊ द्यायची नाहीत, एवढं मला पंपाशी बसल्या बसल्या पक्कं झालं.

सकाळी ११.३०, कॅन्टीन

आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाचे साहेब कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले आहेत. जेवताना मी त्यांना पोराची गोष्ट सांगितली. त्यांनी अमेरिकेचा इतिहास काढला. तिथे १९३७ साली जनरल इलेक्ट्रिक, फायरस्टोन आणि गुडइयर या तीन कंपन्यांच्या पुढाकाराने नॅशनल बास्केटबॉल लीग उभी राहिली. काही संघ थेट कारखान्यांचे होते. टायर बनवणाऱ्या ॲक्रन शहराचे दोन संघ होते, एक गुडइयरचा, एक फायरस्टोनचा. पुढे १९४६ मध्ये मोठ्या शहरांतल्या बंदिस्त क्रीडागृहांच्या मालकांनी दुसरी लीग काढली, आणि १९४९ मध्ये दोन्ही एकत्र येऊन आजची एनबीए झाली. त्या काळात पगार बेताचे होते. हंगाम संपला की पुष्कळ खेळाडू दुसरं काम धरायचे.

"आणि ही जनरल इलेक्ट्रिक कुठली, माहितीये का?" साहेबांनी खिडकीतून समुद्राच्या दिशेने बोट दाखवलं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्याच कंपनीच्या. १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र त्यांच्यावर चालू झालं.

आपल्याकडेही कारखान्यांनी कबड्डी जगवली. मुंबईच्या स्पर्धांत आजही स्थानिक गट वेगळा आणि व्यावसायिक गट वेगळा असतो. व्यावसायिक गट म्हणजे कंपन्यांचे संघ. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, बँका यांचे संघ त्यात खेळत आले. खेळाडूला तिथे कायमची नोकरी मिळायची. सकाळी कामावर, संध्याकाळी सराव. वय झालं, खेळ थांबला, तरी साठीपर्यंत पगार चालू. कोकणातल्या आणि आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांवर कौलांच्या जागी स्लॅब पडला तो या नोकऱ्यांमुळे. मग कंपन्यांची कायम भरती आटली. आता बहुतेक ठिकाणी वर्षाचा करार आणि महिन्याचं मानधन. खेळ आहे तोवर पैसे, खेळ थांबला की दुसऱ्या दिवशी हात रिकामे.

दुपारी १.३०

पंप सुरू करून, आवाज ऐकून, हात लावून बघितला. व्यवस्थित. सुपरवायझरला सांगून एचआरच्या खिडकीशी गेलो. पोराने बारावीनंतर आयटीआय केलेलं आहे, फिटर ट्रेडच. खेळाच्या नादात प्रमाणपत्र पेटीत पडून राहिलं. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ॲप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे जागा निघतातच, प्रश्न फक्त वेळेवर अर्ज करण्याचा असतो. एचआरच्या मॅडमनी नोंदणी कशी करायची ते सांगितलं आणि पुढची भरती केव्हा हेही सांगितलं. "खेळाडू आहे का?" त्यांनी विचारलं. "मग मार्कलिस्टबरोबर खेळाची प्रमाणपत्रंही जोडायला सांगा."

सरकारी नोकरीत महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं तपासून घेऊन तोही अर्ज भरता येतो. मी कागदावर दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. या कागदाची मला माझ्या वेळी फार गरज होती.

दुपारी ३.२०, परतीची गाडी

माझी स्वतःची व्यावसायिक कारकीर्द जेमतेम दोन हंगामांची. मुंबईतल्या एका कंपनीने करारावर घेतलं. पाठीवर कंपनीचं नाव लिहिलेला टी-शर्ट, हातात पहिलं मानधन, व्यावसायिक गटातले रात्रीचे सामने, समोर टीव्हीवर पाहिलेले खेळाडू. एकदा अशाच एका नामवंत चढाईपटूचा घोटा मी असा धरला की त्याला मध्यरेषेकडे हातही लांबवता आला नाही. तो आनंद आजही अंगात आहे. दुसऱ्या हंगामात गुडघा गेला. नंतर कंपनीने संघच बंद केला आणि आमचे करार तिथेच संपले. घरी आलो तेव्हा कोणी वाईट बोललं नाही, पण सगळे एकच विचारायचे, "सोडलं का?" त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही म्हणून मी मैदानाकडे जाणारा रस्ताच टाळायचो. मग तेव्हाच्या आमच्या सरांनी आयटीआयचा फॉर्म आणून हातात दिला. सही कर म्हणाले, एवढंच. माझं आजचं घर त्या सहीवर उभं आहे.

दुपारी ४.४५, मैदान

घरी घडीभर पाठ टेकली की मैदान. आमच्याकडे मॅट नाही, माती आहे. आधी खडे वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं. पाणी जास्त झालं तर चिखल, कमी झालं तर गुडघे सोलतात. मग फक्कीने आखणी. १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, मधोमध मध्यरेषा, दोन्ही बाजूंना निदान रेषा आणि बोनस रेषा, कडेला राखीव पट्टे. आखणीचं काम लहान पोरं भांडून घेतात. मी करू देतो. जो रेषा आखतो तो ती कधी विसरत नाही.

२०१४ चा जुलै-ऑगस्ट आमच्या कबड्डीसाठी मोठा ठरला. २६ जुलैला वरळीत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला आणि १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. लीगमुळे गावागावांत पोरं पुन्हा मातीत उतरली. नव्या जिल्ह्यामुळे राज्य स्पर्धेसाठी आमचा स्वतःचा संघ झाला. त्याआधी जव्हार-मोखाड्याच्या पोराला ठाणे, कल्याण, नवी मुंबईच्या तयार खेळाडूंना मागे टाकून संघात यावं लागायचं. आता वाड्याचा, विक्रमगडचा, डहाणूच्या पाड्यावरचा मुलगा जिल्ह्याचा टी-शर्ट घालू शकतो. माझ्या मते जिल्हा झाल्याचा हा फायदा कचेरीच्या नव्या इमारतींपेक्षा कमी नाही.

पण वरची शिडी अरुंद आहे. लीगमध्ये १२ संघ, प्रत्येकात १८ ते २५ खेळाडू. म्हणजे सबंध देशातून फार तर ३०० जण, आणि मॅटवर एका वेळी एका संघाचे सात. त्याच लीगच्या २०१८ च्या लिलावात मुंबईच्या रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाख मिळाले, २०१९ मध्ये कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाख. पोरांना हे आकडे पाठ असतात. तीनशेचा आकडा कोणी पाठ करत नाही, म्हणून तो मी सरावाआधी मोठ्याने सांगतो.

संध्याकाळी ६.३०

तो वेळेवर आला. पायात चप्पल, टोपी खाली ओढलेली. मी काही विचारलं नाही. डाव्या कोपऱ्यात उभा राहा म्हटलं. त्याने चप्पल काढून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि उभा राहिला.

पहिल्या दोन चढायांत त्याने हात पुढे केला नाही. तिसऱ्या वेळी आमचा सगळ्यात चपळ पोरगा बोनस घ्यायला पाय टाकून वळला आणि याने घोटा धरला. साखळीतला दुसरा धावून येईपर्यंत पकड पूर्ण झाली होती. पोरांनी ओरडा केला. मग तो स्वतःहून बोलायला लागला. मॅटवर पाय चिकटतो, त्यामुळे चढाईवाला मातीपेक्षा लवकर वळतो. म्हणून त्याच्या पायाकडे बघत बसू नका, कमरेकडे बघा. लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई असेल तर त्याला गुण घ्यावाच लागतो, तेव्हा घाई त्याला करू द्या. ३० सेकंदांतले पहिले २० त्याचे, शेवटचे दहा तुमचे. हे मी पोरांना कधी शिकवू शकलो नसतो. त्या संघाच्या शिबिरात, रोजच्या सरावात, बाकावर बसून बघितलेल्या सामन्यांत तो ते शिकला होता. गाव म्हणत होतं की हंगाम फुकट गेला. माझ्यासमोर लहान पोरं त्या हंगामाचं शिक्षण घेत होती.

संध्याकाळी ७.४५

पोरं गेल्यावर आम्ही कट्ट्यावर बसलो.

"दादा, सगळे विचारतात काय झालं. काय सांगू?"

"जे झालं ते सांग. एक हंगाम खेळलो, पुढच्या वर्षी घेतलं नाही."

"मग म्हणतात, कमी पडला असणार."

मी त्याला वॅट मिसाकाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत यूटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा जपानी न्हाव्याचा मुलगा. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे आपल्या नाक्यावरच्या कोणाही पोराएवढी. खेळ बास्केटबॉल. त्याच्या विद्यापीठाने १९४४ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग दोन वर्षं सैन्यात, युद्धानंतरच्या जपानमध्ये. परत आल्यावर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने समोरच्या संघाच्या नावाजलेल्या खेळाडूला एका गुणावर रोखलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क निक्सने त्याला घेतलं. पुढे एनबीए झालेल्या, तोवर गोऱ्यांच्याच असलेल्या लीगमध्ये खेळणारा तो पहिला बिगरगोरा. तीन सामने, सात गुण, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच त्याला संघातून काढलं. एका प्रसिद्ध फिरत्या संघाने बोलावलं, तो गेला नाही. यूटाला परतला, इंजिनिअरिंग पूर्ण केलं, सॉल्ट लेक सिटीत इंजिनिअर म्हणून नोकरी केली. २०१९ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी गेला. त्या तीन सामन्यांसाठी जग आजही त्याचं नाव घेतं, आणि त्याचं घर चाललं ते इंजिनिअरिंगवर.

तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी आता खेळ सोडू?"

"असं मी कुठे म्हटलं? शार्दूलचं काय झालं?" २०१८ मध्ये हैदराबादला त्याचं कसोटी पदार्पण. दहा चेंडू टाकले आणि जांघेच्या दुखापतीने बाहेर. पुन्हा कसोटी खेळायला मिळाली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तिथे पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात चार बळी, शिवाय ६७ धावा, आणि भारताने मालिका जिंकली. मधल्या दोन वर्षांत कोणी म्हणालं असतं की माहीमच्या पोराची कसोटी कारकीर्द दहा चेंडूंची, तर त्याला खोटं कोण पाडणार होतं?

"एक परत खेळाकडे गेला, एक परत शिक्षणाकडे. दोघांनीही मधे हात बांधून बसायचं नाकारलं. तुला दोन्ही करायचंय. ॲप्रेंटिस हो, जिल्ह्याच्या निवडीला उतर, पुढच्या लिलावाला नाव दे. बोली लागली तर जा. नाही लागली तर सोमवारी कामावर जा."

मी खिशातला कागद त्याला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा लागतो, असं विचारलं. घरी बसून खचलेला पोरगा असा प्रश्न विचारत नाही.

रात्री ९.१५

घरी बायकोने बोंबिलाचं कालवण आणि गरम भात वाढला. तो पोटभर जेवला. जेवताना माझ्या मनात आलं ते मी इथे लिहून ठेवतो. एवढे कारखाने असलेल्या या पट्ट्यात प्रत्येक मोठ्या कंपनीने आसपासच्या मैदानावरची दोन-चार पोरं दरवर्षी कामाला घेतली, त्यांना सरावासाठी पाळी बदलून दिली आणि खेळ थांबल्यावरही काम चालू ठेवलं, तर कोणतंही पोर थोड्या दिवसांच्या कारकीर्दीला घाबरणार नाही. कारकीर्द छोटीच असते. गुडघा किंवा लिलाव, काहीतरी ती संपवतंच. तिच्या पुढचा रस्ता आखलेला असेल तर पोरगा जीव तोडून खेळतो आणि संपल्यावर मान वर करून परत येतो. सरकारने नियम केले आहेत, कंपन्यांनी मन मोठं करावं, आणि आमच्यासारख्यांनी फॉर्म आणून द्यावेत.

हात धुतल्यावर त्याने कॅलेंडर काढायला लावलं. पुढच्या आठवड्यात माझी दुसरी पाळी. सोमवार ते शनिवार मैदान तो घेणार. पाच ते सहा चौदा वर्षांखालची पोरं, सहा ते साडेसात मोठी. पाणी साडेचारलाच मारून ठेवणार. आणि मी ज्यांना दर तीन आठवड्यांनी घरोघर शोधत फिरतो, त्या लहान पोरांची यादी त्याने माझ्याकडून लिहून घेतली.